तीन दगडांची खूण

अर्धा माळ चढून गेले तरी साडीच्या काठाला एक कुसळ लागलं नव्हतं. कार्तिक महिना, दिवाळी नुकतीच झालेली. या दिवसांत आमच्या माळावरून बाई पाच पावलं चालली, तरी घरी येऊन तासभर उंबऱ्यात बसून तिला काठातली कुसळं वेचावी लागत. आई वेचायची, आत्या वेचायची, शेजारणी येऊन बसायच्या, आणि गावाच्या सगळ्या उखाळ्यापाखाळ्या त्या कुसळांबरोबर बाहेर निघायच्या. मी वाकून काठ बघितला. पलूसच्या डांबरी रस्त्यावरून चालून आल्यासारखा तो स्वच्छ होता.

मागून माझा भाऊ बापू येत होता. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी धाकटा, पण गुडघे माझ्याआधी गेलेले.

"आक्का, दमानं. चरीत पाय जाईल," तो म्हणाला.

चरी माझ्याच हातच्या होत्या, पण ते पुढं सांगते.

आई आधीच गेलेली. दादा, म्हणजे आमचे वडील, जाऊन वर्ष उलटलं. वर्षश्राद्ध आटोपून ही पहिली दिवाळी. मी बापूला ओवाळलं, त्यानं हिरवी साडी दिली, शालनवहिनीनं पुरण घातलं, आणि दोन दिवस तिघांनीही एका विषयाला हात लावला नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची बापूची लहानपणापासूनची खोड. विषय होता हक्कसोडीचा. वडिलांच्या मागं जमिनीतला आपला हक्क बहिणीनं सही करून भावाला सोडून द्यायचा, यात आमच्याकडं विचारण्यासारखं काही आहे असंच कुणाला वाटत नाही. बहीण सही करते, भाऊ लुगडं नेसवतो, आणि माहेरचं दार उघडं राहतं. माझ्या नणंदांनी केली, मावसबहिणींनी केली. मीही करणारच होते. सोमवारी दहिवडीच्या कचेरीत जायचं ठरलं होतं. त्याआधी एकदा माळ बघून येते, एवढंच मी म्हटलं, आणि बापूचा चेहरा उतरला.

आमचं घर मेंढरांचं. दिवाळी झाली की आई-दादा कळप घेऊन कृष्णाकाठी उतरायचे, इस्लामपूरच्या बाजूच्या रानांत खतासाठी मेंढरं बसवायचे, आणि जेठ लागला की परत माळावर. मला चौथीनंतर म्हसवडात आत्याकडं शाळेला ठेवलं. त्यामुळं माळ माझ्या वाट्याला यायचा तो आषाढ ते दिवाळी, तोही शनिवार-रविवारचा. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी दप्तर डोक्यावर घेऊन पळत सुटायचे. अजून जीभ कोरडी पडते ते आठवून.

काय माळ होता! लोक म्हणतात श्रावणात सगळं हिरवं होतं. होत असेल. आमचा माळ एका रंगावर कधी टिकला नाही. पवन्या गवताला तुरे आले की तो चंदेरी दिसायचा, भादव्यात मारवेलाची जांभळट झाक पसरायची, आश्विनात शेड्याचा तांबूसपणा चढायचा, आणि कार्तिकात सगळा उतार खरपूस भाजलेल्या भाकरीच्या रंगाचा व्हायचा. तिखाडीचं पातं दाताखाली चावलं की तोंडात लिंबासारखा वास भरायचा. ओल्या घोंगडीचा वास, शेळीच्या धारोष्ण दुधाचा, चुलीवर शिजणाऱ्या हुलग्याच्या माडग्याचा. वारा फिरला की एकेक वास पाळीपाळीनं यायचा.

आणि आवाज. चंडोल जमिनीवरून सरळ वर चढायचा, ठिपका व्हायचा, मग ठिपकाही दिसायचा नाही, पण गाणं वरून खाली सांडतच राहायचं. मान दुखेपर्यंत मी वर बघायचे. तितरांची जोडी एकमेकांना हाका मारायची. धाविक नावाचा एक लहानगा पक्षी तुरूतुरू धावायचा आणि थांबला की मातीत मिसळून जायचा, डोळ्यांदेखत हरवायचा. माळढोक मी आयुष्यात एकदाच बघितला. दादा त्याला हूम म्हणायचे. तो गवतातून असा चालला होता की जणू सगळा माळ त्याच्या नावावर आहे. मेंढरांनी चरायचं थांबवून त्याला वाट दिली, असं मला अजून वाटतं. आता हे कुणाला सांगितलं तर म्हातारी काहीतरी बरळते म्हणतील.

हे सगळे जीव घरटी करायचे ती जमिनीवर. घरटं म्हणजे काय, चार खडे आणि एक खळगा. त्यावरून कळप गेला की संपलं. म्हणून राखणाऱ्यांची एक रीत होती. अंडी दिसली की कळप वळवायचा आणि घरट्यापासून काठीभर अंतरावर तीन दगड मांडायचे, दोन खाली, एक वर. मागून कुणाचाही कळप येवो, आमचा, पाहुण्यांचा, दोन पिढ्यांचं वैर असलेल्या भावकीचा, तीन दगड दिसले की काठी आडवी व्हायचीच. पिल्लं उडून गेली की ज्याला कळेल त्यानं वरचा दगड उतरवायचा. माझ्या हातून दादांनी पहिला दगड उतरवून घेतला तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. टिटवीची पिल्लं होती. दादांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "उतरीव. मोकळी झाली बघ जागा." मला तेव्हा पोरींच्या खेळात जिंकल्यासारखा आनंद झाला.

आईनं कधी दादांचं नाव घेतलं नाही आणि दादांनी कधी लांडग्याचं. "त्यो आल्ता," एवढंच म्हणायचे. पहाटे वाघरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, बाहेर पावलं उमटलेली असायची. हंगामातलं पहिलं कोकरू त्यानं नेलं तर त्याच्या मागं कुत्री सोडायची नाहीत, शिवी द्यायची नाही. जिथून नेलं तिथं दादा चिमूटभर भंडारा टाकायचे. दुसऱ्या वेळी मात्र काठ्या घेऊन सगळे धावायचे. एकदा मी रडून गोंधळ घातला, कारण नेलेलं कोकरू माझं लाडकं होतं. दादा म्हणाले, "रडू ने गं. त्येच्याबी घरात ल्हान ल्हान हायती की. त्यो न्हाई आला तर आजारी मेंढरू कोन काढंल? माळ त्येचाबी हाय." मला मुळीच पटलं नाही. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्याचं बीळ आमच्याच माळाच्या वरच्या ओघळीत होतं आणि दादांना ते ठाऊक होतं, हे मला फार उशिरा कळलं.

पाऊस कधी भरवशाचा नव्हता, खोटं कशाला बोलू? पण त्याला चाल होती. यायचा तेव्हा भिजवत यायचा, गवताच्या मुळाशी बसायचा. टिटवीनं अंडी ओढ्याच्या पात्रात घातली की पाऊस ओढ देणार म्हणून दादा तोंड वाकडं करायचे, उंचावर घातली की भरपूर येणार म्हणून हसायचे. अलीकडं मात्र त्याची रीतच मोडली. दोन-दोन महिने ढग नुसते बघून जातात आणि मग आश्विनात एकाच रात्रीत वर्षभराचं ओतून टाकतो. अशाच एका पावसात दादांची निम्मी मेंढरं गारठून गेली. सकाळी त्यांनी एकेकीला हात लावून बघितलं होतं. मी फोनवर सहज विचारलं, "दादा, यंदा टिटवी काय म्हणती?" तिकडून म्हणाले, "आता टिटवीच न्हाई माळाला. पाऊस कुणाला इचारायचा?"

आता माझी करणी सांगते.

मी पलूसकडं जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं. झाडं लावा, झाडं जगवा हे माझ्या शाळेच्या भिंतीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. नोकरीची शेवटची दोन वर्षं उरली असताना आमच्या दुष्काळी गावांत चरी खणायचं आणि झाडं लावायचं वारं आलं. गावंच्या गावं उन्हात कुदळी घेऊन उभी राहिली. ते दृश्य आजही आठवलं की छाती भरून येते. त्या माणसांच्या घामाला मी नावं ठेवणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या घशाला कोरड पडलेली माणसं आम्ही. उघडी जमीन दिसली की आम्हाला ती भुकेली वाटते. मला माहेरासाठी काहीतरी करायचं होतं. सुट्टीत शाळेची पोरं, बचत गटाच्या बाया, दोन ट्रॅक्टर घेऊन मी माळावर आले.

दादा तेव्हा फिरणं सोडून घरीच होते. थोडकी मेंढरं उरलेली. त्यांनी डोक्यावरचा पटका नीट केला आणि म्हणाले, "पोरी, झाडं वड्याला लाव, बांधाला लाव. माळाला नगं. माळ उघडाच असतो."

"आवं दादा, तुमास्नी हिरवं बघवंना व्हय?" मी सगळ्यांसमोर हसत म्हटलं. बाया हसल्या. दादाही थोडं हसले.

तीन दिवस काम चाललं. उतारावर आडव्या चरी मारल्या, त्यांत गिरिपुष्प आणि सुबाभळीची रोपं बसवली. वरच्या ओघळीत यंत्र घातलं, कारण तिथं बांध घालायचा होता. आणि बांधाला दगड हवेत म्हणून मी पोरांना ओळीत उभं करून सांगितलं, "माळावर दिसेल तो दगड उचलून आणा. बघू कुणाचा ढीग मोठा होतो." पोरांना काय, शर्यत मिळाली. वेचून वेचून आणले त्यांनी. पहिल्याच दिवशी दुपारी दादा ढिगाशी आले. त्यांनी एक चपटा दगड उचलला, दुसरा उचलला, हातात फिरवले. वैशाखाचे दिवस होते, म्हणजे अंड्यांचेच.

"ह्यातला कुठला कुठं हुता, सांगशील व्हय?" त्यांनी विचारलं.

मला रीत ठाऊक नव्हती असं नाही. तीच तर माझी लाज आहे. शहरातून आलेल्या माणसानं हे केलं असतं तर अडाणी म्हणून सोडून दिलं असतं. मी तर मांडलेले दगड बघत चालायला शिकले होते. तरीही त्या तीन दिवसांत मला दगड म्हणजे बांधाचा माल एवढंच दिसत होतं. मी दादांकडं बघितलं नाही. पाण्याचा टँकर आला का बघते म्हणून तिथून निघून गेले.

संध्याकाळी दादा माळाच्या माथ्यावर, बिरोबाच्या दगडापाशी जाऊन बसले. काठी आडवी टाकली. "हितं न्हाई," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तिथंच, तिसऱ्या दिवशीही तिथंच. म्हाताऱ्याशी कोण वाद घालणार? दोन-अडीच एकरांचा तेवढा माथा खणायचा राहिला. बाकी सगळा झाला. पुढं माझा गावात शाल-नारळ देऊन सत्कार झाला, आणि खालच्या विहिरींना पाणी वाढलं, तेही खरंच आहे. पण करायला गेले गणपती आणि झाला मारुती. रोपांची झाडं झाली, त्यांच्या सावलीत पवन्या गेला, शेडा गेला, मारवेल गेला. गिरिपुष्पाला मेंढरांनी तोंड लावलं नाही. चंडोलाला उघडी जमीन लागते, ती राहिली नाही. ओघळीतलं बीळ बुजलं होतं. पुढच्या हंगामात दादांनी भंडारा पुडीत बांधून तयार ठेवला होता. तो वापरायची वेळ आली नाही, असं आईनं मला सांगितलं.

दादांनी मला त्यावरून एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं. मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते.

परवा आम्ही दोघं चढून त्या माथ्यावर पोचलो, तेव्हा ऊन नुकतंच तापायला लागलं होतं. झाडी मागं राहिली. आणि पायाखाली एकदम करकर वाजलं. भाकरीच्या रंगाचं गवत. गुडघ्याएवढं. भोवती चहूबाजूंनी दुसऱ्यांचे माळ नांगरून निघालेले, त्यावर डाळिंबं, त्यावर पांढरी कापडं. मध्ये हा एवढा तुकडा. मी उभी राहिले. वरून गाणं आलं. मान वर केली तर डोळ्यांत ऊन आलं, काही दिसलं नाही. पण गाणं चंडोलाचंच होतं. मला रडू आलं, आणि बापूसमोर रडायची लाजही वाटली नाही.

बापू बिरोबाच्या दगडाशी टेकला. आता त्यानं भांडं बाहेर काढलं.

"आक्का, कालव्याचं पाणी आलं गं. आईनं मैलभरावनं घागरी आणल्या, शालनची कंबर टँकरच्या रांगंत गेली. आता पाणी दारात आलंय. सागर तिकडं कोइमतूरला गलाईत सोनं गाळतो. ॲसिडच्या धुरात खोकून खोकून निम्मा झालाय पोरगा. त्यो म्हनतो, आप्पा, डाळिंब लावू, मी येतो."

"लावा की. माझ्या चरींचा सगळा उतार घे. झाडं काढून टाक."

"तेच करनार हाय. पर तळं कुठं करू? शेततळं उंचावरच पायजे, म्हंजी पानी आपसूक उतारतं. उंच जागा ही एकच. खाली केलं तर मोटर आली, वीज आली, आनि वीज देत्यात ती अवेळी." त्यानं काठीनं गवतावर एक चौकोन दाखवला. तो चौकोन जवळजवळ सगळा माथा होता. "सोमवारी सही झाली की पोकलेन सांगितलाय."

काय चूक होतं त्याचं? काही नाही. सागरला मी मांडीवर खेळवलंय. त्याचा खोकला मी फोनवर ऐकलाय. मी खाली गवतात बसले. बापूला वाटलं, आक्का दमली. त्यानं पाण्याची बाटली पुढं केली.

"बापू, खालची काळी सगळी तुझी. घर तुझं. उतार तुझा. मला काही नको. हा माथा तेवढा मला पायजे," मी म्हटलं. "हक्कसोड मी करणार न्हाई. वाटणीपत्र करू. हा तुकडा माझ्या नावावर."

तो माझ्याकडं बघतच राहिला. "भैनीनं वाटा मागितला म्हनतील लोक."

"म्हणू दे."

"आनि करनार काय तू हितं? पलूसला ऱ्हाऊन?"

"काहीच करणार न्हाई. तसाच ठेवणार."

"माझं पोरगं तिकडं धुरात मरतंय, आनि तू गवत राखनार?" तो ओरडला. बापू माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडला. "दादांनी तरी असं केलं नसतं!"

"दादांनीच केलं हुतं," मी म्हटलं. "तीन दिवस हितं बसून. माझ्यासमोर."

खाली उतरताना बापू माझ्या पुढं पुढं चालत होता. चरीपाशी मात्र त्यानं हात पुढं केला, मी धरला, आणि पलीकडं गेल्यावर त्यानं तो सोडला.

घरी वहिनीला कुणी काही सांगितलं नाही, तरी तिला कळलं. ती चुलीपाशी पाठ करून बसली. मी पिशवी भरली. नेहमी मी निघाले की ती देवापाशी पाट मांडते, तांदूळ-नारळानं ओटी भरते, दारापर्यंत येऊन "आक्का, दिवस घालवू नगा, लवकर या," म्हणते. मी उंबऱ्यात थोडा वेळ उभी राहिले. पाट भिंतीला टेकलेलाच होता. मग मी, "येते गं शालन," म्हटलं. ती "व्हय," म्हणाली, चुलीकडंच बघत.

बापूनं मोटारसायकलवरून मला फाट्यावर सोडलं. गाडी बंद केली नाही, पण गेलाही नाही. समोरून एसटी दिसायला लागली तेव्हा त्यानं गाडी बंद केली आणि हलक्या आवाजात विचारलं, "आक्का, खरं सांग. परत यील का गं कोन तितं? हूम, त्यो, कोनबी?"

"माहीत न्हाई, बापू," मी म्हटलं. "बहुतेक न्हाई येणार."

"मंग?"

"आलाच तर त्याला बसायला जागा तरी पायजे की न्हाई?"

माझी पिशवी त्यानंच वर चढवून दिली, मी लहान असल्यासारखी. एसटी हलली, आणि मी माझ्या माहेरातून पहिल्यांदा रिकाम्या ओटीनं निघाले.